विश्लेषण : पिकातले गवत कधी आणि कसे रोखायचे? संगमनेरच्या शेतकऱ्यांपुढे मक्याने कोणता पेच उभा केला?

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याआधीच पूर्वमोसमी पावसाने राज्याचा मोठा भाग भिजवला होता. उन्हाळी मशागतीचे दिवस पावसात गेले, रानात वापसा राहिला नाही, कुळवाच्या पाळ्या हुकल्या आणि पेरणीआधीच अनेक ठिकाणी गवत उभे राहिले. त्याच खरिपात राज्यात सोयाबीनचे क्षेत्र घटले आणि मक्याचे वाढले. वरवर पाहता या दोन वेगळ्या बातम्या आहेत. संगमनेरसारख्या तालुक्यातल्या शेतकऱ्यासाठी मात्र त्या एकाच वाफ्यात येऊन मिळतात, कारण मका हे स्वतःच गवतवर्गीय पीक आहे. गवताच्या पिकातून गवत काढायचे कसे, ते कधी काढायचे आणि पीक खरेच वाढते आहे हे ओळखायचे कसे, याचा हा आढावा.

तणामुळे नेमके किती नुकसान होते?

कीड दिसते, रोग दिसतो, तणाचे नुकसान मात्र काढणीनंतरच कळते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी २००३ ते २०१४ या काळात १८ राज्यांतील शेतकऱ्यांच्या शेतांवर झालेल्या १,५८१ चाचण्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये अंदाज मांडला. दहा प्रमुख पिकांत केवळ तणांमुळे देशाचे वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा तो अंदाज होता. भुईमुगात ३५.८ टक्के, सोयाबीनमध्ये ३१.४ टक्के, बाजरीत २७.६ टक्के, मक्यात २५.३ टक्के आणि गव्हात १८.६ टक्के उत्पादन तणे खातात, असे त्यात नमूद आहे.

हे आकडे घरच्या हिशेबात बसवून पाहावेत. एकरी ८ क्विंटल सोयाबीन अपेक्षित असेल, तर ३१ टक्क्यांची घट म्हणजे अडीच क्विंटल. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ही रक्कम एकरी १३ हजारांच्या वर जाते. बाजारात भाव हमीभावाखाली असतो तेव्हा रक्कम कमी दिसते, पण मूळ नफाच तुटपुंजा असल्याने घाव अधिक खोल बसतो.

गवतवर्गीय तणे वेगळी का मोजायची?

शेतातल्या तणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. माठ, घोळ, कुरडू, चांदवेल, गाजर गवत ही रुंद पानांची तणे. नावात गवत असले तरी गाजर गवत हे गवत नव्हे. हरळी, कुंदा, शिप्पी, लोना, चिमणचारा ही खरी गवते. तिसरा गट लव्हाळ्याचा. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. त्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात, गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो.

हा फरक पुस्तकी नाही, पैशांचा आहे. गवतावर चालणारी क्विझालोफॉप, प्रोपॅक्विझाफॉप यांसारखी ‘फॉप’ गटातली औषधे लव्हाळ्याला धक्काही लावत नाहीत. लव्हाळ्याला गवत समजून ती फवारली तर औषध, पाणी आणि मजुरी तिन्ही वाया जातात. उलट २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवरचे औषध आहे, गवत त्याला दाद देत नाही.

गवतांतही दोन स्वभाव आहेत. शिप्पी, लोना यांसारखी हंगामी गवते बियांवर जगतात. ती बी धरण्याआधी गेली, तर पुढच्या वर्षीचा भार हलका होतो. हरळी आणि कुंदा बहुवर्षायू आहेत. हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात. रोटाव्हेटर फिरवला की या काशांचे तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्याचा तुकडा नवे रोप बनतो. रान काही दिवस स्वच्छ दिसते, पण हरळी कोपऱ्यातून शेतभर पसरते.

मक्याने पेच कसा वाढवला?

सोयाबीन, हरभरा, कांदा ही रुंद पानांची किंवा गवतकुळाबाहेरची पिके आहेत. त्यांत उभ्या पिकात गवत मारणारी औषधे उपलब्ध आहेत, कारण ती गवतावर चालतात आणि पिकाला सोडतात. मका, बाजरी, ज्वारी, गहू आणि ऊस ही सगळी पिके मात्र गवतकुळातली. सोयाबीनमधले गवत साफ करणारे ‘फॉप’ औषध मक्यावर पडले तर मकाही मरतो.

मक्यात म्हणून पर्याय मोजके राहतात. पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी ॲट्राझिन आणि उगवणीनंतर टेम्बोट्रिओन किंवा टोप्रामेझोनसारखी निवडक औषधे. ती लहान रोपांवर चालतात. गवताला फुटवे आले, की परिणाम घसरतो. जमिनीत काशा असलेल्या हरळीचा बंदोबस्त ती करू शकत नाहीत. बाजरीत पर्याय आणखी कमी आहेत. गव्हात क्लोडिनाफॉपसारखे औषध चालते, कारण त्यात गव्हाला वाचवणारा घटक मिसळलेला असतो. त्याचा अर्थ ते मक्यात किंवा बाजरीत चालेल असा नाही.

२०२५ च्या मे महिन्यातील पावसाने यात भर घातली. उगवणीपूर्व तणनाशक उगवत्या बियांवर काम करते. आधीच उगवून आलेल्या गवतावर त्याचा फारसा उपयोग नसतो. पेरणीआधी गवत उभे असेल आणि कुळव घालायला वापसा नसेल, तर पेरणीनंतरचे औषध वेळेवर मारूनही शेत गवताचेच राहते. शेतकऱ्याला औषध खोटे वाटते, प्रत्यक्षात मात्र वेळ निघून गेलेली असते.

मग शेतकरी मक्याकडे का वळतो?

याचे उत्तर बाजारात आहे. इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये ठरला. सोयाबीन मात्र २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी अनेक बाजार समित्यांत हमीभावाखाली विकला गेला. दूध व्यवसाय मोठा असलेल्या संगमनेरमध्ये मक्याचा आणखी एक उपयोग आहे. दाणे विकता येतात, हिरवा मका मुरघासाला जातो आणि कडबा जनावरांना.

निर्णय व्यवहार्य आहे. त्याची किंमत दुसऱ्या जागी मोजावी लागते. एकाच रानात खरिपात मका, रब्बीत गहू आणि पुन्हा मका, किंवा उसामागून मका असा क्रम चालला, तर गवताला मोकळे रान मिळते. प्रत्येक हंगामात पीकही गवत आणि तणही गवत. मधे सोयाबीन, हरभरा किंवा कांदा आला तरच गवत मारण्याची संधी मिळते. पीक फेरपालट हा जमिनीच्या सुपीकतेसाठी दिला जाणारा सल्ला आहे. गवताच्या बाबतीत मात्र ते सर्वांत स्वस्त तणनाशक आहे.

आणखी एक धोका मागे राहणाऱ्या औषधाचा. ॲट्राझिनचा अंश जमिनीत काही आठवडे ते काही महिने टिकतो, आणि सामू जास्त असलेल्या जमिनीत तो अधिक काळ राहतो. दख्खनच्या काळ्या जमिनी बहुधा याच प्रकारच्या. खरीप मक्यात मात्रा वाढवून मारलेल्या ॲट्राझिनचा फटका पुढे लावलेल्या कांद्याला बसू शकतो. संगमनेरमध्ये रब्बी कांदा हे महत्त्वाचे पीक असल्याने हे गणित पेरणीच्या वेळीच मांडावे लागते.

निळवंडेच्या पाण्याने काय बदलते आहे?

संगमनेरचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. प्रवरेकाठी ऊस आणि बागायत, तर निमोण-तळेगाव दिघेचा पट्टा आणि मुळेकडचा पठार भाग बाजरीवर जगणारा, अशी जुनी विभागणी आहे. १९७० पासून चर्चेत असलेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्यात ३१ मे २०२३ रोजी चाचणीचे पाणी सोडले गेले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ८५ किलोमीटरच्या या कालव्याच्या जाळ्यातून अहिल्यानगरचे सहा तालुके आणि नाशिकचा सिन्नर मिळून १८२ गावांना लाभ अपेक्षित आहे.

पाणी आले की पीक बदलते आणि पिकामागून तण बदलते. जिरायत रानात गवताची मुख्य लाट पहिल्या पावसाबरोबर येते. तिला एक-दोन पाळ्या आणि एक खुरपणी पुरते. सिंचनाखाली मात्र दर पाण्याला नवी लाट उगवते. ओलाव्यात लव्हाळा आणि हरळी बळावतात. पाटाच्या पाण्याबरोबर कडेच्या गवताचे बी शेतात येते, अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही येते. वर्षातून एकदाच बाजरी घेणाऱ्या शेतकऱ्याला तणनाशकाची फार गरज पडत नव्हती. दोन किंवा तीन पिके घेऊ लागलेल्या शेतकऱ्याला ती पडते. त्यामुळे नव्याने भिजणाऱ्या गावांत पहिल्या चार-पाच वर्षांत तणाची शिस्त बसली नाही, तर पुढे हरळीचे रान सोडवायला अनेक हंगाम लागतात.

पीक आणि तणाची वाढ मोजायची कशी?

बहुतेक शिफारशी दिवसांत सांगितल्या जातात, उदाहरणार्थ पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी फवारणी. गवत मात्र दिनदर्शिका पाहत नाही. उबदार, ओल्या आठवड्यात ते दहा दिवसांत चार पानांचे होते, तर पावसाच्या खंडात तीन आठवड्यांतही खुरटलेले राहते. म्हणून दिवसांबरोबर पाने मोजणे आवश्यक आहे. गवत दोन ते चार पानांचे असताना उगवणीनंतरचे औषध उत्तम काम करते. बुंध्यातून फुटवे निघाले की वेळ टळली असे समजावे.

मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. एक मीटर लांब-रुंद दोरीची किंवा काठ्यांची चौकट शेतात तिरकस चालत पाच ठिकाणी ठेवावी. प्रत्येक चौकटीत पिकाची रोपे, गवत, रुंद पानांची तणे आणि लव्हाळा वेगवेगळे मोजून सरासरी काढावी. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरला असेल, तर चौरस मीटरला सुमारे ४४ रोपे हवीत. मका ६० बाय २० वर असेल, तर फक्त आठ. समजा, चौकटीत मक्याची सहाच रोपे आणि गवताची ३० निघाली, तर दोन गोष्टी एकाच वेळी कळतात. उगवण कमी आहे आणि मोकळी जागा गवताने घेतली आहे. अशा शेतात केवळ औषध मारून भागत नाही. नांग्या भरायच्या की कोळपणी वाढवायची, हेही तेव्हाच ठरवावे लागते.

दुसरे मोजमाप सावलीचे. पिकाची पाने दोन ओळींमधली जमीन झाकतात, तेव्हा नवे गवत आपोआप दबते. सोयाबीन, मका यांत पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक मानले जातात ते यामुळेच. कांद्याची पाने नळीसारखी उभी असतात, ती जमीन झाकतच नाहीत. म्हणून कांद्याला तणमुक्त कालावधी जास्त लागतो, आणि खुरपणीचा खर्चही.

तिसरे मोजमाप फवारणीनंतरचे. शेतात एक छोटा पट्टा न फवारता सोडला, तर औषधाने काय केले हे डोळ्यांना दिसते. १५ ते २० दिवसांनी पुन्हा चौकट टाकावी. गवत सरळ पट्ट्यांत वाचले असेल, तर दोष नोझलचा किंवा चालण्याचा. सगळ्याच जातींचे मोठे गवत वाचले असेल, तर वेळ किंवा मात्रा चुकली. एकाच जातीची काही रोपे मेली आणि शेजारचीच त्याच वयाची हिरवीगार राहिली, तर मात्र प्रतिकारशक्तीची शंका घ्यावी.

उपग्रह आणि एआय हे काम करू शकतील का?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण २०२५-२९ मंजूर केले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात उपग्रह आणि संवेदकांच्या आधारे सल्ल्याचा प्रयोग केला आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर स्पष्टतेची छायाचित्रे साधारण पाच दिवसांनी मिळतात. त्यातून शेताचा हिरवेपणा मोजता येतो.

अडचण अशी की हा हिरवेपणा पिकाचा की गवताचा, हे त्या आकड्यातून कळत नाही. गवताने भरलेले शेत मोबाइलच्या नकाशावर ‘उत्तम वाढ’ म्हणून हिरवे दिसू शकते. ई-पीक पाहणीत कोणते पीक आहे याची नोंद होते, ते किती स्वच्छ आहे याची नाही. उपग्रहाचा खरा उपयोग शेतातला वेगळा दिसणारा कोपरा दाखवण्यापुरता. त्या कोपऱ्यात चौकट घेऊन जाणे शेतकऱ्यालाच भाग आहे.

पीक विम्याचा आधारही इथे तोकडा आहे. एक रुपयातील योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. दुष्काळ, पूर, कीड, रोग अशा न टाळता येणाऱ्या जोखमी विम्यात येतात. तण हे टाळता येणारे नुकसान मानले जाते.

खुरपणीचे आणि ती करणाऱ्या हातांचे काय?

तणनाशकाचा वापर वाढण्याचे मुख्य कारण मजूरटंचाई हेच सांगितले जाते. सगळ्या गावाची खुरपणी एकाच पंधरवड्यात येते. पाऊस लागून राहिला तर तीही होत नाही. दुसरीकडे, खुरपणी हे प्रामुख्याने महिलांचे काम आहे, आणि भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबांत हंगामातील रोख रकमेचा तो मोठा आधार असतो. पंपाने एका दिवसात होणारे काम दहा बायकांच्या मजुरीवर येते. फवारणी बहुतेक पुरुष करतात. तणनाशक स्वस्त पडते असे म्हणताना ही बाजू हिशेबात धरली जात नाही.

खुरपलेले गवत जनावरांच्या दावणीलाही जाते. दुभती जनावरे दारात असलेल्या घराला बांधावरचे गवत म्हणजे फुकटचा चारा. फवारलेले गवत मात्र जनावरांना घालता येत नाही. बांध जाळण्यासाठी ग्लायफोसेट मारणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की देशात त्याची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांपुरती आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याची अधिसूचना काढली होती, आणि त्याविरोधात उद्योग दिल्ली उच्च न्यायालयात गेला.

गवत औषधाला दाद देईनासे झाले तर?

असे देशात घडले आहे. हरियाणातील गव्हात ‘गुल्ली-डंडा’ या गवतावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध मारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासे झाले. मग नवी औषधे आली आणि काही वर्षांत त्यांतील काहींनाही गवताने दाद देणे थांबवले. भात-गहू, भात-गहू हा एकसुरी क्रम त्याच्या मुळाशी होता. इंग्लंडमध्ये ‘ब्लॅकग्रास’ या गवताच्या प्रतिकारशक्तीमुळे वर्षाला सुमारे ४० कोटी पौंडांचे आणि आठ लाख टन गव्हाचे नुकसान होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरात सुमारे २७० तण प्रजातींत एखाद्या तरी तणनाशकाला प्रतिकार आढळला आहे.

एकच गटाचे औषध, एकच पीकक्रम आणि वाचलेल्या रोपांना बी धरू देणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिकार वाढतो. दुकानदार ब्रँड बदलून देतो, पण डब्यातला घटक तोच असतो. बदलायचा असतो तो घटकाचा गट, नाव नव्हे.

मग मार्ग कोणता?

कोणताही एक उपाय पुरत नाही, क्रम महत्त्वाचा असतो. उन्हाळी नांगरटीनंतर हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी उन्हात वाळू द्याव्यात, शक्य तेथे वेचून बांधाबाहेर काढाव्यात. हरळीच्या रानात रोटाव्हेटर टाळावा. पहिल्या पावसानंतर गवताची लाट उगवू द्यावी आणि ती कुळवाने मोडून मगच पेरावे. पाऊस लवकर आला आणि वापसा मिळाला नाही, तर पेरणी चार दिवस लांबली तरी चालेल, पण उभ्या गवतात पेरू नये.

पुरेसे बियाणे आणि योग्य अंतर ठेवले तर पीक लवकर जमीन झाकते. उगवणीपूर्व तणनाशक पेरणीनंतर ४८ तासांत, जमिनीत ओल असताना द्यावे. पुढे कोळपणी आणि एक खुरपणी असली तर दुसऱ्या फवारणीची गरज बहुधा पडत नाही. उगवणीनंतरचे औषध द्यावेच लागले, तर पाने मोजून, फ्लॅट फॅन नोझलने, स्वच्छ पाण्यात आणि लेबलवरच्या मात्रेतच द्यावे. तणनाशकाचा पंप वेगळा असावा. सोयाबीनवर ‘फॉप’ मारलेला पंप न धुता मक्यात नेला, तर नुकसान ठरलेले. पावसाच्या खंडात सुकलेले गवत औषध नीट शोषत नाही. तेव्हा मात्रा वाढवण्यापेक्षा ओलीची वाट पाहणे किंवा खुरपे लावणे शहाणपणाचे.

शेवटचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. पीक डोक्यावर गेल्यावर मधे उरलेल्या गवताकडे कुणी पाहत नाही. याच गवताचे बी पुढच्या जूनमध्ये उगवते. काढणीआधी एकदा शेतात फिरून निसवलेले गवत उपटणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

त्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, शेजारच्या राहाता तालुक्यात बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. पिकागणिक शिफारशी तेथे मिळतात. मात्र आपल्या रानात कोणते गवत आहे, ते किती पानांचे झाले आणि मागच्या तीन हंगामांत त्यावर काय मारले, ही माहिती बाहेरून मिळत नाही. मका राहणार, निळवंडेचे पाणीही वाढत जाणार. या दोन्हींचा फायदा घरात यायचा की गवतात जायचा, हे अशा वहीभर नोंदींवर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.